पहिल्या धारेचा तांब्या

कृष्णेच्या पात्रातल्या त्या बेटावर धनगरांची सात घरं होती. पावसाळ्यात चहूकडं पाणी. मग गूळ शिजवायच्या भल्यामोठ्या कढईत, काहिलीत बसून माणसं पैलतीर गाठत. हरणाबाई तिथल्या एका घरची थोरली सून. पण शेळी व्यायला अडली की हाक जायची धाकट्या जावेला, धोंडुबाईला.

"हिच्या हाताला यश हाय," सासू रंगुबाई म्हणायची.

रीत अशी, की शेळी सोडवणारीला पहिली धार मिळायची, निरशी आणि कोमट. दूध तापवलं तर कास आटते, असा समज. धोंडुबाई तांब्या तोंडाला लावायची आणि हरणाबाई लांबून तिचा हलणारा गळा बघत बसायची. दूध काय, तिलाही मिळायचं. तो तांब्या मिळत नव्हता.

त्रेचाळीस साली शेळ्या गाभ टाकू लागल्या. त्यांना सोडवता सोडवता धोंडुबाईच आजारी पडली. दिवेलागणीला ताप चढे, घामानं वाकळ भिजे, सांधे ठणकत. सकाळी पुन्हा उठून बसे. रंगुबाई तिचे पाय चेपू लागली.

"सकाळी बरी, सांजंला मरायला टेकली! सोंग हाय नुसतं," हरणाबाई चुलीपाशी पुटपुटली. बारा वर्षांत तिचे पाय कुणी चेपले नव्हते.

शेवटी धोंडुबाईला काहिलीतून पलीकडं, तिथून मिरजेला नेलं. घरी धाडताना डॉक्टरांनी बजावलं : हा ताप शेळ्यांचाच. दूध उकळून प्या. गाभ टाकणाऱ्या शेळीला उघडा हात लावू नका.

"उकळून कास जाळू व्हय?" रंगुबाई म्हणाली.

पंधरा दिवसांनी चांदी शेळी अडली. "हरणे, ये गं बिगीनं!" रंगुबाईनं हाक दिली.

हरणाबाईनं पदर खोचला. वाकळेवरून धोंडुबाई कळवळली, "आक्का, हात नगा लावू. डाक्तर म्हनला..."

"डाक्तर म्हनला, का तुजा जीव जळतुया?"

करडू मेलेलं निघालं, पण शेळी वाचली. रंगुबाईनं तांब्या पुढं केला. हरणाबाईनं तो धोंडुबाईसमोर उभं राहून, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत रिता केला.

महिन्याभरानं, दिवेलागणीलाच, तिचेही दात वाजू लागले. रंगुबाईनं तिची वाकळ धोंडुबाईच्या शेजारी अंथरली. चुलीवर दूध उकळत होतं; कास आटायची तर आटू दे, म्हणत सासूनंच ते ठेवलं होतं. ती दोघींच्या पायथ्याशी येऊन बसली.

"आदी कुनाचं पाय चेपू?"

"माजं," हरणाबाई कण्हत म्हणाली. "थोरली मी हाय."