एक खबर, तीन निरोप

दामू गेल्याचं मला भुसावळच्या मालधक्क्यावर कळलं. चाळीसगावहून आलेला ओळखीचा गार्ड म्हणाला, तुमचे देवपूरचे जमादार विषमज्वरानं गेले. मी त्याच्यावरच खेकसलो, ऐकीव गोष्टी सांगत फिरू नका म्हणालो... पण बातमी खरी होती. आता महिना उलटला. भेटेल तो हळहळतो, उसासे टाकतो. मला ते जमत नाही. दामूबद्दल बोलायचं तर छाती पुढं काढूनच बोलावं लागतं. तो स्वतःही स्वतःबद्दल तसाच बोलायचा, आणि त्याला ते शोभायचं.

आम्ही देवपूरच्या एकाच शाळेतले. त्याचे वडील, नाना, बैलबाजारात दलाली करायचे. मॅट्रिक झालेल्या पोरालाही ते बाजारात उभं करायचे आणि सांगायचे, बैल एकच असतो, पण गिऱ्हाईक तीन तऱ्हेचं. गाडीवान खूर विचारतो, शेतकरी खांदा विचारतो, व्यापारी दात बघतो. ज्याला जे लागतं ते सांगावं, पण खोटं कुणालाच सांगू नये. पुढं दोघंही पलटणीत गेलो आणि ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर पोचलो. मी बंदूकवाला आणि दामू शत्रूच्या खबरा गोळा करणाऱ्या छोट्या तुकडीत. तिथंही त्यानं नानांचाच बाजार मांडला. आघाडीवरच्या शिपायाला ओढ्यापलीकडं काय आहे ते हवं असतं, कर्नलला उद्या काय होईल ते, आणि ब्रिगेडच्या साहेबाला शत्रूच्या मनात काय आहे ते. सगळ्यांना सगळं सांगणारा माणूस गाढव, असं तो खुशाल म्हणायचा. सुभेदारासमोरसुद्धा.

तिथं एकदा आम्ही एक टेकडी धरून होतो आणि मी मांडीत गोळी घेऊन खालच्या मलमपट्टीच्या तंबूत पडलो होतो. टेहळणीवरून पहूरचा नाईक आला. त्यानं सांगितलं, पलीकडच्या रानात लिदीचे ढीगच्या ढीग आहेत, म्हणजे खेचरं बक्कळ, म्हणजे जपानी फौज मोठी. बिचाऱ्याचं काय चुकलं? सोयरीक जमवायला गेलं की आमच्याकडं घराच्या आधी उकिरडा बघतात. उकिरडा मोठा तर गोठा भरलेला, पोरगी सुखात राहील. तोच हिशेब त्यानं रानात लावला. कर्नलसाहेबांनी टेकडी सोडायची तयारी सुरू केली. वाट उतरणीची, निसरडी. ज्यांना चालता येत नाही त्यांचं काय करायचं, हे तंबूत कुणी बोलेना. डॉक्टर आमच्याकडं बघायचं टाळू लागला तेव्हा मी काय ते समजलो. खरं सांगतो, मी घाबरलो होतो.

दामू नाईकाला घेऊन परत त्या रानात गेला आणि हातानं लीद फोडून बघितली. दाण्याचा कण नाही, टरफल नाही. नुसता बांबूचा पाला. पाल्यावर जगणारं जनावर लीद जास्त टाकतं, हे बाजारात वाढलेल्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणजे ढीग मोठे, पण खेचरं थोडी आणि तीही उपाशी. तो आला तो तडक कर्नलसाहेबांकडं. त्यांचा तंबू आमच्या शेजारीच होता, मी कान टवकारून ऐकत होतो.

साहेबांनी विचारलं, "हे पाहिलंस, की तुझा तर्क आहे?"

"लीद पाहिली, साहेब. त्यांची रसद संपलीय, हा तर्क."

"आणि तर्क चुकला तर?"

"तर जखमी मागं राहतील. बरोबर निघाला तर त्यांना हलवावंच लागणार नाही."

साहेब म्हणाले, सांग काय करू. दामूनं सांगितलं, उपाशी माणूस टेकडीसाठी लढत नाही, तो टेकडीखालच्या आपल्या धान्याच्या कोठारावर येईल. निम्मे जवान खाली घ्या. पहाऱ्यावरच्या शिपायांना जाऊन एवढंच म्हणाला, तोंडं रसदीकडं करून बसा. आणि ब्रिगेडला तार गेली की शत्रू भुकेला आहे, मागं हटू नका, त्याचा परतीचा घाट अडवा. लीद एकच, निरोप तीन. पहाटे जपानी आले, नेमके कोठारावर आले, आणि आमच्या लोकांनी त्यांना अस्सं झोडपलं की घाटात पळाले ते तिथंही अडकले. सकाळी डॉक्टरनं माझी पट्टी बदलली आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसला. दामू मात्र आठवडाभर मिशीला पीळ देत फिरला. फिरू दे की! हक्कच होता त्याचा.

त्याच्या तेराव्याला देवपूरला गेलो. त्या तंबूतले आम्ही बहुतेक सगळे आलो होतो, कुणी कुबडीवर, कुणी काठी टेकत, कुणी ठणठणीत, बायकापोरांसकट. दारात ही गर्दी बघून त्याची माय गोंधळली. घरी त्यानं कायम सांगितलेलं, मी कचेरीत लिहायच्या कामावर आहे, काळजी करू नको. जगभर फुशारक्या मारणारा हा माणूस, आईपुढं एक शब्द बोलला नव्हता.

"ह्या बठ्ठा कोन शेतस?" आम्हा सगळ्यांकडं बघत मायनं मला विचारलं.

मी म्हणालो, "माय, यास्ले बठ्ठास्ले तुना पोऱ्यानी जित्ता घर आनं."

आपल्या पोरानं जिवंत घरी आणलेल्या आमच्या एकेकाच्या तोंडाकडं ती बघत राहिली. कडेवरच्या पोरांकडंही. मग डोळे पुसून म्हणाली, मंग बाहेर काबर उभा शेतस? मझार या. आम्हाला आत घेऊन त्याची खोली तिनं उघडली. खाटेवर बसलो, खिडकीत बसलो, जमिनीवर मांडीला मांडी लावून बसलो, तरी दामूच्या खोलीत आम्ही मावलो नाही.