पोटाखालचा तळहात

अशा गोष्टी मी आवडीनं वाचतो, पण मानत नाही — हे आधीच सांगतो. कळमनुरीत माझं विहिरीवरच्या मोटारींच्या रिवाइंडिंगचं दुकान आहे. मोटार जळाली की कारण सापडतंच, आज नाही तर उद्या. डोकंही तसंच घडलेलं.

गेल्या हिवाळ्यात मी, बायको वर्षा आणि अकरा वर्षांची श्रावणी असे तिघं अंदमानला गेलो होतो. तिसऱ्या दिवशी बोटीनं एका छोट्या बेटावर सोडलं. मागे दाट झाडी, पुढे पांढरी वाळू, आमच्याशिवाय माणूस नाही. सोबत फक्त एक गाइड. मास्क कसा लावायचा, नळीतून श्वास कसा घ्यायचा ते त्यानं दाखवलं. लाइफ जॅकेट मी घेतलं नाही. "हम तो कुएं में तैरना सीखे हैं भैया," असं त्याला ऐटीत सांगितलं.

शिकवलं होतं मोठ्या भावानं, दादानं. शिरड शहापूरला, आमच्या शेतातल्या विहिरीत. पोटाखाली तळहात धरायचा आणि नकळत काढून घ्यायचा. कडबा कटरमध्ये त्याचं उजव्या हाताचं एक बोट अर्धं गेलेलं, त्यामुळे तो हात मला डोळे मिटूनही ओळखू यायचा. पण आता तीन वर्षं आमचं बोलणं नव्हतं. वडील गेले तेव्हा, 'तू वेळेवर नांदेडला दवाखान्यात नेलं नाहीस,' असं मी त्याला चारचौघांत बोललो होतो. तो नुसता उठून गेला.

असो. पाण्यात तोंड घातलं आणि मी सगळं विसरलो... निळे-पिवळे मासे, तळाशी हलणारं ऊन, कानात फक्त स्वतःचा श्वास. वर्षा घाबरली म्हणून गाइड तिच्याजवळ उथळ पाण्यात थांबला होता. श्रावणी जॅकेट घालून माझ्या डाव्या हाताला तरंगत होती.

किती वेळ गेला माहीत नाही. माझ्या पोटाखाली कुणीतरी तळहात ठेवला.

मासा नव्हता, शेवाळ नव्हतं. तळहात. घट्टे पडलेला, कोमट. बोटं टेकलेली... आणि त्यातलं एक अर्ध्यावरच संपणारं. मी खाली पाहिलं — नुसतं पाणी. त्या हातानं मला ढकललं नाही, सावकाश उजवीकडे वळवलं. मी डोकं वर काढलं.

श्रावणी डावीकडे नव्हतीच. आता समोर, चाळीस-पन्नास हात लांब, खडकांच्या पलीकडे वाहत चालली होती. जॅकेटचा खालचा पट्टा सुटून ते कानापर्यंत चढलेलं, मास्क पाण्यानं भरलेला.

मी तिथवर कसा पोचलो ते आठवत नाही. गाइड तरंगती रिंग घेऊन आला, दोघांनी तिला वाळूवर आणलं. पाणी ओकली, खोकली, मग रडत म्हणाली, "पप्पा, मी हाका मारून राहिले होते... पण आवाजच न्हाई निघाला."

बेटावर रेंज नव्हती. संध्याकाळी हॉटेलवर आल्या आल्या दादाला फोन लावला. त्यानं उचलला, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, "लेकरू बरं हाय का?"

मी विचारलं, "काहून इचारून राहिला, दादा?"

तो म्हणाला, "काय माहीत. दुपारपून कशात जीव लागंना."

"दादा... त्या दिवशी मी लई चुकीचं बोललो."

"जेवले का तुमी?" एवढंच तो म्हणाला.

आता येणं-जाणं सुरू झालंय. पण हाताबद्दल त्याला अजून सांगितलेलं नाही. धीर होत नाही. वर्षाला सांगितलं. ती म्हणते, माणूस घाबरला की मन जुनं काहीतरी धरतं, भास होतो. असेलही. फक्त एक गोष्ट राहून राहून अडते — तो हात लागला तेव्हा मी मासे बघत होतो. घाबरण्यासारखं काही घडतंय, हे मला तोवर माहीतच नव्हतं.