घरटी एक हजेरी

त्या उन्हाळ्याचा विषय निघाला की मी उठून भांडी घासायला लागते. घरातल्यांना वाटतं, हिला कामाची लई हौस. हौस कसली, मला तो विषय नको असतो. पण आता टाळून टाळूनही कंटाळा आला, म्हणून एकदाच काय ते सांगून टाकते.

माझं माहेर उत्रोली, भोरला खेटून. सासर मात्र वेल्ह्याच्या डोंगरातली वाडी. थोरल्या दिरांची बायको, माझी जाऊ, वाडीची आशाताई. मी तिला अक्का म्हणते. गरोदर बाई, ताप, डोस, सगळ्या वाडीचं दुखणं तिच्या पिशवीत. आशाताईंवर देखरेख करणारी एक गटप्रवर्तक असते, त्या जागेवर अक्काचा डोळा होता. त्याला पदवी लागते, आणि वयाची अट असते. अक्काला त्या अटीची शेवटची एक-दोन वर्षं उरली होती. म्हणून तिनं बाहेरून बी. ए. ला नाव घातलं आणि एकटीला कुणी एसटीनं पाठवणार नाही म्हणून मलाही ओढलं. मी आपली गेले सोबतीला. पदवी घेऊन मला काय करायचं होतं, ते मला आजही ठाऊक नाही.

शेवटी एकच पेपर राहिला, ग्रामीण समाजाचा. त्याचे वर्ग मे महिन्यात, भोरच्या कॉलेजात. चारातले तीन दिवस हजेरी भरली तरच परीक्षा, नाहीतर पुढच्या उन्हाळ्याची वाट बघा. आमचं सगळं ठरलं होतं. नसरापूरला उतरून कापूरहोळला यायचं, तिथं दुसरी गाडी धरायची आणि महिनाभर उत्रोलीला माझ्या आईकडं राहायचं. आयतं खायचं, दुपारी झोपायचं. अक्का तर म्हणायची, पास नापास देवाला माहीत, महिनाभर चूल फुंकायची न्हाई एवढंच बास हाय.

तेवढ्यात तो रोग आला. एसटी बंद, शाळा बंद, वाडीच्या रस्त्यावर पोरांनी करवंदीच्या जाळ्या आणून टाकल्या. विद्यापीठाचा निरोप आला की उन्हाळी वर्ग मोबाईलवर होतील, सगळ्यांनी घरीच बसून शिकावं. उंटावरून शेळ्या हाकायचा प्रकार. घरी बसून म्हणे! आमच्या घरात बसून साधा फोन लागत नाही. रेंज यायची ती वरच्या खळ्यावर, जांभळीखाली, तीही एका बाजूला.

आणि मोबाईल एकच. दिरांचा त्यांच्याबरोबर भाजीच्या टेम्पोत, माझा नवरा पुण्यात अडकलेला, अक्काकडं बटणांचा डबा. राहिला माझा. पहिल्या दिवशी खळ्यावर बसून मी माझा प्रवेशाचा नंबर घातला, तसं माझं नाव वर आलं. दुसरा नंबर घ्यायला तो मोबाईल तयारच होईना, एकीनं बाहेर पडावं तेव्हा दुसरी आत. अक्कानं हात झटकला. “ऱ्हाऊ दे गं. घरटी एक मानूस दिसलं म्हंजी झालं.”

हे काही ती उगाच म्हणाली नाही. आमच्याकडं चालतंच तसं. झऱ्याचा गाळ काढायचा असो, वाट बांधायची असो, कुणाच्या मयताला जायचं असो, हाळी येते ती घरटी एका माणसाची. एक गेला की अख्खं घर गेलं. मागं राहिलेल्याला कुणी विचारत नाही, गैरहजर धरत नाही. मग विद्यापीठ तेवढं वेगळं कसं असेल, असं आम्हां दोघींना मनापासून वाटलं. हसू नका, तुम्ही वाडीत राहिला असतात तर तुम्हांलाही वाटलं असतं.

तर रोज अकराला खळ्यावर. मी भाकऱ्या, पाणी, शेण सगळं उरकून धापा टाकत चढायची. अक्का त्याच्याही आधीपासून फिरत असायची. पुण्या-मुंबईहून आलेली माणसं शाळेत ठेवली होती, त्यांचा ताप बघायचा, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायचा, वहीत मांडायचं. लोक तिला दारात उभं करीनात. ती तशीच तोंडाचं फडकं खाली ओढत, घामाघूम वर यायची आणि माझ्या शेजारी बसायची. ऊन पडद्यावर आलं की काही दिसायचं नाही, म्हणून दोघींच्या डोक्यावर एकच पदर. शेणीच्या ढिगाला टेकवून ठेवलेला मोबाईल आणि त्यात शिकवणाऱ्या पुण्याच्या बाई. त्यांचंही तोंड उतरलेलं असायचं, मागं कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. सगळेच दमलेले होते तेव्हा.

चेहरा दाखवायला मोबाईल पुरायचा नाही, लगेच अडकायचा, म्हणून आम्ही नुसता आवाज चालू ठेवायचो. बाईंनी विचारलं की मी मिठाची गुळणी धरून बसायची. पुस्तकातलं येत असूनही माझं तोंड उघडायचं नाही. अक्का मात्र धडाधड बोलायची. एकदा बाईंनी विचारलं, गावात सामुदायिक श्रमाची पद्धत कशी असते. अक्कानं घरटी एकाची रीत सांगितली. म्हातारी एकटी असेल तर तिच्या घरचा माणूस मागत नाहीत, पण जेवणात तिचं पान मांडतात, हेसुद्धा सांगितलं. बाई खूश झाल्या. सगळ्यांनी लिहून घ्या म्हणाल्या, किती छान उदाहरण दिलंय. आणि नाव घेतलं माझं. पडद्यावर तेच होतं ना.

अक्का पदराखाली हसली, मला कोपर मारलं. मीही हसले. पण बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू? जन्मात पहिल्यांदा कुणी शिकलेल्या माणसानं माझं नाव घेऊन कौतुक केलं होतं. मग रोजच घ्यायला लागल्या. अक्का बोलायची, नाव माझं व्हायचं.

आठवडा गेला आणि एका सकाळी मोबाईलवर बाईंचा निरोप आला. हजेरी ज्याच्या-त्याच्या नंबरावरच धरली जाईल, एका मोबाईलवर दोघं असतील तर आधी कळवा, काहीतरी सोय करू. मी चुलीपुढं होते. वाचला. नीट वाचला. म्हटलं, दुपारी अक्काला सांगू. दुपारी ती आली तीच रडकुंडीला, शाळेतल्या एका माणसानं तिच्या अंगावर तांब्या फेकला होता. म्हटलं, उद्या सांगू. उद्याचं परवा झालं. सांगितलं असतं तर बाईंना कळलं असतं की बोलणारी मी नाही. हे मी तेव्हा स्वतःलाही कबूल केलं नव्हतं. आज करते.

महिना संपला. परीक्षेला बसणाऱ्यांची यादी आली. माझं नाव होतं, पुढं चांगला सहभाग असा शेरा. अक्काचं नाव नव्हतं. तिनं यादी वरून खाली, खालून वर तीनदा बघितली. मग म्हणाली, चुकून ऱ्हायलं आसंल, लाव फोन बाईंना.

दोघी खळ्यावर गेलो. मी फोन लावला, आवाज मोठा केला. बोलत मीच होते, मोबाईल माझा म्हणून. सांगितलं सगळं, जावा-जावा आहोत, एकाच मोबाईलवर होतो. बाईंनी ऐकून घेतलं. चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“निरोप पाठवला होता तेव्हा का नाही कळवलंत?” त्या म्हणाल्या.

अक्कानं माझ्याकडं बघितलं. तिला कुठला निरोप माहीत?

बाई दमल्या आवाजात पुढं म्हणाल्या, दोघी होतात असं मी लिहून देऊ शकत नाही, मी पाहिलेलं नाही. पण आवाज मी महिनाभर ऐकलाय. ज्या बाई उत्तरं देत होत्या, त्यांच्यासाठी मी भांडेन. नंबर चुकून दुसरा पडला असं लिहीन, हजेरी त्यांच्या नावावर करून घेईन. एकीचंच करता येईल.

“तर ती कोण, एवढं खरं सांगा.”

जांभळीखाली शेजारी अक्का उभी होती. पायांत धुळीनं माखलेल्या चपला, खांद्याला पिशवी. एक शब्द बोलायचा होता मला. मला नोकरी नको होती, जागा नको होती, वयाची घाई नव्हती. आणि माझ्या तोंडून निघालं, “मीच.”

बाई म्हणाल्या, आज आवाज वेगळा येतोय तुमचा.

“घसा बसलाय,” मी म्हटलं.

त्या दिवसांत हे वाक्य ऐकलं की माणूस दचकायचा. बाईंना काळजी वाटली. गरम पाणी प्या, अंगावर काढू नका, म्हणाल्या आणि फोन ठेवला. अक्कानं तोंड उघडलं होतं, ते मिटलं. ती बोलली असती तर बाईंनी पहिल्या शब्दाला आवाज ओळखला असता आणि मी खोटी पडले असते. ती नाही बोलली. जाऊ होती ना माझी.

खळ्यावरून उतरताना तिनं पिशवीतून वही काढली. माझं नाव लिहिलं, पुढं घसा असं लिहिलं. मला वाटलं, चेष्टा करते. चेष्टा नव्हती. घरी आल्यावर तिनं सासूबाईंना सांगितलं की धाकटीचा घसा धरलाय, चौदा दिस कुणी जवळ जायाचं न्हाई. मागची धान्याची खोली झाडून दिली, घोंगडी टाकली, ताट-तांब्या वेगळा काढला.

घसा बसला नाही म्हणावं, तर फोनवर खोटं बोलले हे घरादाराला कळणार. बसले जाऊन आत. रोज सकाळी अक्का दारात उभी राहून हात पुढं करायला लावायची, बोटाला चिमटा लावायची, आकडा वहीत मांडायची. आल्याचा काढा उंबऱ्यावर ठेवायची. एक दिवस चुकली नाही. वाकडं बोलली नाही, टोमणा मारला नाही. काही म्हणजे काहीच बोलली नाही. माझं ताट मीच धुवून उपडं घालायची आणि भाताच्या पोत्यांशी तोंड करून पडून राहायची. कुणी मारलं असतं तर सोपं गेलं असतं.

पुढं मी पास झाले. पदवीचा कागद पेटीत आहे, साड्यांच्या खाली, कधी कामाला आला नाही. पुढच्या उन्हाळ्यात रोग आणखी जोरात आला, वर्ग पुन्हा मोबाईलवर झाले आणि अक्काला वाडीतल्या माणसांपुढं श्वास घ्यायला सवड नव्हती. मग वय सरलं. गटप्रवर्तकाच्या जागेवर किकवीकडची एक मुलगी आली, चांगली आहे, अक्कालाच विचारून विचारून काम करते. अक्का अजून तीच पिशवी घेऊन फिरते. माझ्याशी चांगली वागते. सणाला पुरणाचं ताट आधी मला वाढते.

पण मला आठवतो तो चौदावा दिवस. परीक्षेचा अर्ज भरायची मुदत परवा संपत होती, तोवर बाईंना नाव बदलता आलं असतं, हे तिला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. ती दारात आली. चिमटा लावला नाही. माझा मोबाईल इतके दिवस तिच्याकडं होता, तो तिनं उंबऱ्यावर ठेवला. पुरा चार्ज करून आणला होता.

“घसा मोकळा झाला न्हवं?”

मी मान हलवली.

“मग बोल आता,” ती म्हणाली, आणि वाट बघत उभी राहिली.

मी माझं ताट उचललं आणि घासायला मोरीवर गेले.