वरचा आकडा, खालचा आकडा

आमच्या घरात थोरल्या दिरांनी धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नाही, हा रिवाज अजून आहे. मी मुखेडला शाळेत शिकवते, मुख्याध्यापकांशी वाद घालते. पण थोरले दीर समोर आले की डोक्यावर पदर घेऊन बाजूला होते. त्यांना मला काही सांगायचं असलं तर ते माझ्या नवऱ्याला सांगतात, मी शेजारीच उभी असले तरी. बरीच वर्षं मला याची गंमत वाटायची. माझ्या श्वासाचं मशीन घरात आलं आणि गंमत संपली.

झोपेत माझा श्वास अडकायचा. घोरण्यावरून घरात चेष्टा चालायची. लातूरच्या डॉक्टरांनी तपासून बायपॅप नावाचं श्वासाचं मशीन लिहून दिलं तेव्हा चेष्टा थांबली आणि सगळ्यांना काळजी लागली. मशीन बसवायला आलेल्या माणसानं नाकावरचा मास्क मला लावून बघितला, बटणं मात्र थोरल्या दिरांना समजावली. त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, मशीनमधलं त्यांनाच कळतं, असं नवऱ्यानं त्याला सांगून ठेवलं होतं. आकडे दोन होते. श्वास घेताना हवा जोरात यायची, तो वरचा, सोळा. सोडताना जोर कमी व्हायचा, तो खालचा, आठ. मी कॉटवर बसून ऐकत होते.

पहिले काही दिवस मी माणसात आले. सकाळी डोकं हलकं असायचं. फळ्यावर लिहिताना डोळे मिटत नव्हते.

मग एका संध्याकाळी थोरले दीर मशीनपाशी बसले. आमच्याकडं व्होल्टेज कमी-जास्त होतं आणि शेतातल्या मोटारी जळतात. त्या जळक्या मोटारींवरच त्यांचं दुकान उभं राहिलं. मशीनचा जोर वर-खाली होताना बघून त्यांना राहवलं नाही. त्यांनी कुठली तरी दोन बटणं एकदम दाबली आणि भावकीच्या भांडणात पंच काढतात तसा मधला आकडा काढला. वर बारा, खाली बारा.

"तिला म्हणावं, आता एकसारखं केलंय," ते नवऱ्याला म्हणाले. "लई वर-खाली होऊन राहिलं होतं, जळलं असतं. आता निवांत झोप म्हणावं."

बारा-बारावर श्वास आत यायचा, पण सोडायला गेलं की पलीकडून कुणी दार लोटून धरल्यासारखं व्हायचं. सकाळी डोकं ठणकायचं. आकडे होते तसे करून घ्या, असं मी नवऱ्याला सांगितलं. दादाला वाईट वाटेल, होईल सवय, असं तो म्हणाला. भातानं डोकं जड होतं म्हणून सासूबाईंनी माझा भात बंद केला. दुखणं रेड्याला अन् इंजेक्शन पखालीला. थोरले दीर रोज दारात उभे राहून नवऱ्याला विचारायचे, झोप लागती का म्हणावं. तो माझ्याकडं न बघता सांगायचा, हाव, लागती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

शेवटी एकदा मुलं पाढे म्हणत असताना मी वर्गात खुर्चीतच झोपले. एका पालकानं खिडकीतून बघितलं आणि मुख्याध्यापकांनी माझ्याकडं लेखी खुलासा मागितला. नोकरीवर आलं तेव्हा कुठं नवरा मला मशीनसकट लातूरला घेऊन गेला.

डॉक्टरांनी मशीनमधल्या नोंदी बघितल्या. "हे आकडे कुणी बदलले?" त्यांनी विचारलं.

मी नवऱ्याकडं बघितलं. इथं दादा नव्हता, आई नव्हती. इथं तरी तो खरं सांगेल असं मला मनापासून वाटलं.

"हिनंच दाबलं असंल काहीतरी, साहेब," तो म्हणाला. "हिला लई घाई असती."

डॉक्टर माझ्यावर चिडले. शिकलेल्या आहात, शिक्षिका आहात, हे काय खेळणं आहे का. श्वास पुरता सोडता आला नाही तर वाईट हवा रक्तात साठते, एखाद्या सकाळी उठला नसतात. मी सगळं ऐकून घेतलं. मग मी म्हणाले, "मी हात लावला नाही. पण नाक माझं आहे, बटणं मला दाखवा." त्यांनी परत सोळा-आठ लावलं, आकडे कुठं दिसतात ते दाखवलं, आणि विचारल्याशिवाय बदलायचे नाहीत ही ताकीदही मलाच दिली.

परतताना एसटीत नवरा म्हणाला, घरी काही बोलू नको, दादानं मायेनं केलं होतं. माया होती, हे मलाही माहीत आहे. दिरांचा मला राग नाही. त्यांना मला विचारताच येत नव्हतं. ज्याला येत होतं, त्यानं विचारलं नाही. घरी त्यानं मशीनच बिघडलं होतं असं सांगितलं. थोरल्या दिरांनी मान डोलावली. वर-खाली झालं की बिघडतंच, असं म्हणून ते दुकानाकडं गेले.

आता मला झोप नीट लागते. डोकं जड होतं तेव्हा सकाळचं बोलणं संध्याकाळी आठवायचं नाही. आता सगळं लक्षात राहतं. सकाळी मी मास्क काढते, नवरा चहा आणून देतो, बरं वाटतंय का म्हणून विचारतो, आणि डॉक्टरांपुढचं त्याचं वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं.