तर्री जास्त झालेली गाडी

आमच्या घरात मोटार कधी आली नाही, पण बिनगिअरची स्कूटर आली तेव्हा थाट मोटार आल्यासारखाच झाला. ऐंशीनंतरची गोष्ट. यांच्या ऑफिसातल्या एका साहेबांची बदली झाली आणि जेमतेम चार-सहा महिने चालवलेली त्यांची स्कूटर आमच्या दारात आली. बटण दाबलं की सुरू, मूठ पिळली की चालू. क्लच नाही, गिअर नाही, किक मारणं नाही. सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं.

"हिला अक्कल लागत नाही," हे म्हणाले. "तू चालवू शकतेस."

मी ते कौतुक समजून घेतलं. चाळिशी ओलांडलेली, अंगानं भरलेली, सायकल लग्नाआधीच सोडलेली बाई मी. सक्करदऱ्याच्या तलावाजवळच्या रस्त्यावर सकाळी शिकले. हे मागून धावत, आणि फिरायला आलेली माणसं माझ्याऐवजी त्यांच्याकडे काळजीनं बघत.

शिकायचं कारण आई होती. ती धरमपेठेत एकटी राहायची. न्हाणीत पाय घसरून तिच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर धरून ती घरात फिरायलाही लागली. पण आंघोळ, वेणी आणि लुगडं या तीन गोष्टी तिला एकटीनं जमेनात. दुपारचं जेवण शेजारीण बघायची, रात्री सोबतीला तिची मुलगी झोपायला यायची. सकाळ माझी. सक्करदरा ते धरमपेठ म्हणजे शहराचं हे टोक ते ते टोक, दोन बसगाड्या, आणि मग तिथून माझं ऑफिस. बसच्या भरवशावर महिनाभरात आईची आंघोळ बुडायची नाहीतर माझी हजेरी.

धाकटा भाऊ भिलाईला होता. तो सरळ बोलणारा माणूस. "ताई, तुला रोज जमणार असेल तर आई नागपुरात राहील. नाही तर मी घेऊन जातो. एक दिवस आंघोळ, एक दिवस नाही, असं नको."

त्याचं चूक नव्हतं. पण आईला भिलाईचं नाव काढलं की ताप भरल्यासारखं व्हायचं. ती काटोलकडची. लग्न होऊन धरमपेठेत आली ती तिथलीच झाली. "तिथं मले कोन ओळखते?" ती म्हणायची. "खिडकीत बसून मी कोनाले हाक मारू?"

तर आईचं घर असं त्या स्कूटरच्या दोन चाकांवर आलं होतं. पहिले दोन महिने चाकं नीट फिरली. सकाळी निघायचं, आईला आंघोळ घालायची, तिच्या हातचा नाही पण तिच्या सूचनांनुसार केलेला चहा प्यायचा, आणि ऑफिस. सहकारी बायकांत माझा भाव वधारला होता. मी चावी टेबलावर जरा आवाज होईल अशी ठेवायची.

दसऱ्यानंतर गाडी अडखळायला लागली.

म्हणजे बंद पडत नव्हती. बंद पडली असती तर बरं झालं असतं, ढकलत नेऊन मिस्त्रीच्या पुढ्यात उभी केली असती. ही उभी असताना छान गुरगुरायची. मूठ पिळली की मात्र काहीच नाही. आवाज घोगरा व्हायचा, गाडी जागच्या जागी विचार करायची, आणि आपण मूठ आणखी पिळली की एकदम उडी मारायची. मोकळ्या रस्त्यावर ठीक. थांबून निघायचं म्हटलं की हा प्रकार. आणि नागपुरात चौकांची काही कमी नाही.

यांना सांगितलं. यांनी संध्याकाळी गाडी काढली, तलावाला एक फेरी मारून आले. "एकदम फर्स्ट क्लास आहे. गाडी नाही, तू अडखळतेस."

"मी मूठ पिळते ना."

"भीत भीत पिळतेस. गाडीला कळतं ते."

ग्रेट नाग रोडवरच्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं ती सुसाट पळवली, परत आणली, रुमालानं हात पुसले आणि मला न सांगता यांना सांगितलं, "साहेब, गाडी मक्खन आहे. भाभीजींना म्हणा, डरायचं नाही."

घरी आल्यावर मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, विचारलं, "तर्री टाकता ना तिला वेळेवर?"

हा त्यांचा शब्द. रश्शावर तरंगणारा लाल तेलाचा थर म्हणजे तर्री. नागपुरात पाहुण्याच्या वाटीत ती कमी दिसली तर घराची अब्रू जाते. मामंजी गाडीच्या इंजिन ऑइललाही तर्रीच म्हणत. त्यांच्या जुन्या स्कूटरला पेट्रोलात तेल मिसळून द्यावं लागे, आणि आयुष्यभर त्यांनी पंपावरच्या माणसाला "जरा तर्री मारके" म्हणून वर थोडं जास्तच घालायला लावलं होतं. ती स्कूटर आता हे चालवायचे. तिच्यामागे धुराची एक शेपूट असे, आणि घरात त्या शेपटीचा अभिमान होता.

"टाकतो, टाकतो," हे म्हणाले. विषय संपला.

मी मात्र रोज पहाटे कुकर लावताना मनात चौक मोजायची. कुठं पोलीस हात दाखवतो, कुठं उतार आहे, कुठं न थांबता सुटता येईल. एका चौकात थांबू नये म्हणून मी तीन गल्ल्यांचा वळसा घालायची. दुसऱ्या चौकात पोलीस हात खाली करायच्या आतच मूठ पिळून ठेवायची, म्हणजे गाडीचा विचार करून होईपर्यंत इशारा मिळेल. पोलीस माझ्याकडे बघून हसायचा. त्याला वाटत असावं, बाईंना फार घाई आहे. बाईंना फक्त गाडीची समजूत घालायला वेळ हवा होता.

आणि हळूहळू मलाच वाटायला लागलं की हे म्हणतात तेच खरं. गाडी जवळजवळ नवी, दोन-दोन पुरुषांनी चालवून पाहिलेली. नवं काय होतं, तर मी होते.

मग कॉटन मार्केटचा चौक. काटोलकडून संत्र्यांचे ट्रक यायचे ते दिवस. पोलिसानं हात खाली केला, सगळे निघाले, मीही निघाले, आणि चौकाच्या बरोबर मध्यभागी हातठेला आडवा आला म्हणून थांबले. ठेला गेला. मूठ पिळली. घोगरा आवाज. पिळली. काही नाही. उजवीकडून ट्रक येताना दिसला, आणि नेमकी तेव्हा गाडीनं उडी मारली. मी घाबरून ब्रेक दाबला आणि गाडीसकट आडवी झाले.

ट्रक माझ्यापासून हातभर अंतरावर थांबला. मागच्या पेट्या सरकल्या, दहा-वीस संत्री रस्त्यावर घरंगळली. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो शांतपणे म्हणाला, "मौसी, जाना है के रहना है, पहले घर से तय करके निकला करो."

सगळा चौक हसला. मला उठवणारे दोघेही हसत होते. मीसुद्धा हसले, कारण रडणं फारच लोकांसमोर झालं असतं.

आईकडे पोचले तेव्हा साडीचा काठ फाटलेला, कोपर खरचटलेलं. पदर ओढून घेतला होता, पण आंघोळ घालताना कोपर किती वेळ लपणार.

"काय झालं वं?"

"काही नाही. दारात लागलं."

"दाराले ऑइल लावते काय कोनी? काळं हाय ते." तिनं माझा हात धरून ठेवला. "पडली न तू?"

मी सांगितलं. ट्रक जरा लांब नेऊन सांगितला, पण ट्रक सांगितला. पाठ चोळून झाली, लुगडं नेसवून झालं. मग आई म्हणाली, "माह्या एका आंघोळीपायी तू मरशीन काय?" आणि मी ऑफिसला गेल्यावर शेजारणीकडून भिलाईला फोन लावून घेतला. भाऊ रविवारी न्यायला येणार, हे मला दुसऱ्या दिवशी शेजारणीनं सांगितलं. आई तोंड फिरवून बसली होती.

त्या आठवड्यात मी बसनं गेले. गाडी अंगणात झाकून ठेवली होती. जाताना तिच्याकडे बघायचीही नाही.

शुक्रवारी जेवायला बसलो होतो. मामंजींना माझं गप्प राहणं बघवेना. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून ते म्हणाले, "सूनबाई, तुमच्या गाडीचं मी लक्ष ठेवून असतो बरं. परवाच सीटखाली तर्री काठोकाठ भरून ठेवली."

यांनी घास थांबवला. "सीटखाली? मी तर दर रविवारी पंपावरच टाकून आणतो. पेट्रोलात."

"पेट्रोलात कशाला? हिला तेलाची वेगळी टाकी आहे. साहेबांनी गाडी देताना मला दाखवली होती. आपलं आपण घेते म्हणाले लागेल तेवढं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलं कधी?"

"आणि पिकअप गेला असं ही म्हणत होती, म्हणून दसऱ्यापासून मी जरा जास्तच घालायला सांगतोय," हे हळू म्हणाले.

मी दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. गाडी दोन तोंडांनी तेल पीत होती. एक बाप पाजत होता, एक मुलगा, आणि दोघंही प्रेमानं. त्या गाडीला गेले कित्येक दिवस कुणी नको म्हणूच दिलं नव्हतं.

"पण तेलानं कुणाचं वाईट झालंय आजवर?" मामंजी म्हणाले. आमच्या घरात हा प्रश्न खरोखरच कुणी विचारलेला नव्हता.

शनिवारी मिस्त्रीनं प्लग काढला तर तो चुलीतून काढल्यासारखा निघाला. पेट्रोल उपसलं, साफ केलं, नुसतं पेट्रोल भरलं. तो आता माझ्याशी बोलत होता. "भाभीजी, तुम्ही हळू हळू चालवून राहिले होते ना, म्हणून तेल जळत नव्हतं. आम्ही पळवली की साफ होऊन जायचं." म्हणजे गाडी खोटं बोलत नव्हती आणि हेही पूर्ण खोटं बोलत नव्हते. मी जितकी जपत होते तितकी ती बिघडत होती.

रविवारी सकाळी मी स्कूटरनं धरमपेठेत गेले. कॉटन मार्केट टाळून, पण गेले. भाऊ पोचलेला, आईची पेटी बांधलेली. मी दारातूनच तेलाची सगळी हकिकत सांगितली. भाऊ हसला. आई हसली नाही.

"दाखव," ती म्हणाली.

भावानं तिला खुर्ची फाटकाशी आणून दिली. मी गल्लीच्या टोकाला गेले, परत आले, फाटकाशी थांबले. "निघ," आई म्हणाली. निघाले. पुन्हा आले. "थांब. निघ." शेजारीण ओट्यावर आली. तिसऱ्या वेळी कोपऱ्यावरून एक भाजीची गाडी वळत होती. आई म्हणाली, "निघ," आणि माझी मूठ पिळली गेली नाही. गाडी तयार होती, गुरगुरत होती. माझं मनगट मात्र आधी विचार करत होतं. भाजीवाला गेला, गल्ली रिकामी झाली, मग मी निघाले.

परत येऊन उभी राहिले तेव्हा आई माझ्या चेहऱ्याकडे नाही, हाताकडे बघत होती.

"गाडी सुधरली वं," ती म्हणाली. "तुहा हात नाई सुधरला."

मी म्हटलं, दोन दिवसांत होईल. भाऊही म्हणाला, "आई, राहा पाहिजे तर, मी काही जबरदस्ती करत नाही." तिनं वॉकर ओढून घेतलं. "आता नाई. ट्रकवाल्याले थोडी माहीत हाय माही आंघोळ रायली ते." मग घराची चावी माझ्या हातात दिली. "रोज येत जाय. मी नसली तरी. खिडक्या उघडजो, बंद करजो, न ऑफिसात जाजो."

संध्याकाळच्या गाडीनं ते गेले. निघताना खिडकीशी बसून ती प्लॅटफॉर्मवरच्या अनोळखी बायकांकडे बघत होती, जणू आतापासूनच सराव.

मी रोज जात राहिले. रिकाम्या घराला आंघोळ नसते. खिडक्या उघडायच्या, चहा करायचा नाही, खिडक्या बंद करायच्या. शेजारीण विचारायची, "काहून येता वं ताई, कोणी नाई तं?" मी कुलूप ओढून बघून निघायची. आईची चादर खाटेवर तशीच होती, तिच्यावरची सुरकुती मी सरळ केली नाही. कॉटन मार्केटच्या चौकात दर वेळी मूठ पिळायला उशीर व्हायचा, आणि मागचे हॉर्न वाजवायचे. एकदा उतरून गाडी हातानं ढकलत चौक ओलांडला, हे मी घरी कुणाला सांगितलं नाही. भिलाईहून बातमी यायची की आई जेवते कमी, बोलते कमी. भावाची बायको तिचं सगळं नीट करत होती. तक्रार करायला जागाच नव्हती, म्हणून आई करत नव्हती, आणि तेच मला जास्त लागायचं.

थंडी ओसरायला लागली तेव्हाची सकाळ. धरमपेठेत पोचून मी कुलूप काढलं आणि लक्षात आलं की कॉटन मार्केट कधी गेलं ते मला आठवतच नाही. पोलिसानं हात दाखवला होता की नाही, ट्रक होते की नव्हते, काही नाही. वाटेत मी मनात ऑफिसातल्या एका बाईशी भांडत होते, तेवढं आठवत होतं.

ऑफिसातून भावाच्या शेजाऱ्यांकडे ट्रंक कॉल लावला. आईला वॉकर घेऊन तिथवर यायला वेळ लागला. ऑपरेटर मधे मधे विचारत होता, बोलणं चालू आहे का.

"कोन? काय झालं?" तिचा आवाज बारीक झाला होता.

"काही नाही. चौकाचं सांगायचं होतं."

"कसा ओलांडते तू आता?"

"ते कळत नाही गं आई. ओलांडला जातो."

पलीकडे वॉकर सरकल्याचा आवाज झाला. मग तिनं तिथल्याच कुणाला तरी सांगितलेलं ऐकू आलं, "पेटी काढाले सांग त्याले माही." आणि मला म्हणाली, "स्टेशनावर घ्याले ये. रिक्षा कर पण. त्या गाडीवर मले नको बसवू."