मैदानावर सैल पडलेला शब्द

माझ्या धाकट्या भावाचा आजार मैदानावर उभ्या असलेल्या एका पंचांना ऐकू आला. एकाच छपराखाली राहणाऱ्या आम्हां माणसांना तो का ऐकू आला नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहीत आहे.

भावाचे नाव परशुराम. तो कबड्डी खेळत असे. मी आमच्या जासई गावच्या शाळेत शिक्षिका होते, म्हणून मुंबईच्या रुग्णालयात त्याच्यासोबत मला पाठवले गेले. तिथे न्यूरॉलॉजिस्टनी, म्हणजे मज्जासंस्थेच्या डॉक्टरांनी, त्याला एकपासून मोठ्याने मोजायला सांगितले.

पहिले आकडे खणखणीत आले. विसानंतर आवाज नाकातून येऊ लागला. तीस उलटले आणि कोणता आकडा चालला आहे ते कळेना. वर्गात पाढे ऐकण्याची मला सवय आहे. विसरलेले मूल अडखळते. परशुराम अडखळत नव्हता. त्याचा आवाज दिव्यासारखा बारीक होत गेला.

डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिले आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजायला लावले. या वेळी तो पन्नासच्या पुढे गेला, प्रत्येक आकडा स्वच्छ. मला हसू फुटले. डॉक्टर मात्र हसले नाहीत.

"इंजेक्शन लागू पडलं म्हणून आनंद मानू नका, बाई," ते म्हणाले. "ते लागू पडलं, याचाच अर्थ आजार आहे."

आजाराचे नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस. मेंदूचा हुकूम नसांमधून स्नायूपर्यंत येतो, पण स्नायू तो पुरेसा घेऊ शकत नाही. पहिल्या काही वेळा काम होते, मग शक्ती ओसरते. विश्रांती मिळाली की काही अंशी परतते. डोळे, ओठ, घसा यांना हा आजार बहुधा आधी धरतो. "आणि श्वासही स्नायूंनीच घेतला जातो," डॉक्टर सावकाश म्हणाले. "तिथं पोचू द्यायचा नाही."

आता मागे जाते.

परशुराम कॉलेजात संघाचा कप्तान होता. कबड्डीत चढाई करणाऱ्याला प्रतिपक्षाच्या अंगणात 'कबड्डी' हा शब्द एका दमात, स्पष्ट म्हणत राहावे लागते. दम तुटला की तो बाद. परशुरामचा दम तालुक्यात नावाजलेला होता. आमची जमीन नव्या शहरासाठी गेल्यावर ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीने त्याला आपल्या संघासाठी नोकरी दिली. सकाळी यंत्रावर, दुपारनंतर मैदानावर असा त्याचा दिवस जाई.

पहिली खूण एका छायाचित्रात आहे. संघाने ढाल जिंकली होती. सगळे हसत आहेत. परशुरामही हसत होता, परंतु त्याच्या ओठांची टोके वर गेलीच नाहीत. नुसते दात दिसतात. "परशा, ढाल जिंकलास का कोनाचा गला धरलास?" असे म्हणून मित्रांनी त्याला चिडवले होते.

पुढे संध्याकाळी त्याची डावी पापणी खाली येऊ लागली. डॉक्टर याला टोसिस म्हणतात. आई म्हणाली, "पहाटं उठून कंपनीत पालीवर जातंय पोर, डोला झाकनारच." एकदा चहा त्याच्या नाकातून आला तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. घरात प्रत्येक लक्षणासाठी एक कारण तयार होते, आणि सकाळी तो ठीक दिसे, म्हणून कारण खरे वाटे.

मग त्या हंगामात पंच त्याला वारंवार बाद देऊ लागले. हे पंच त्याच्या कॉलेजातले क्रीडाशिक्षक. आम्ही त्यांना सर म्हणत असू. लोक ओरडत, "पंच, कान धुवून या!" कोणी म्हणे, पोरगा कंपनीत गेल्यापासून विचारत नाही, म्हणून सर सूड घेतात.

एके दिवशी सर आमच्या ओट्यावर आले. आईने पाणीही विचारले नाही.

"सर, इथंपन बाद द्यायला आलाव का?"

सर उभेच राहिले. "मावशी, त्याचा दम शाबूत आहे. छाती भरलेली असते आणि शब्द सैल पडतो. कॉलेजात त्याचा शब्द मी पाठमोरा ऐकूनही ओळखायचो. आता पहिली चढाई तशीच असते, शेवटची मात्र बोबडी. त्याला डॉक्टरकडे न्या."

"खेलातला राग औषदानं जात नाय, सर," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून परशुराम मिठागराच्या बांधावर धावत दम घोकू लागला. या आजारात स्नायूला ताणणे घातक असते, हे आम्हांला कुठून ठाऊक असणार? तो धावायचा, आणि बांधावरून येणारा तो शब्द रोज थोडा आधी विरायचा. गाव कौतुकाने पाहत असे.

एका दुपारी पाण्याचा घोट घशाखाली उतरेना. मान पुढे पडू लागली. त्याने हनुवटीखाली हात देऊन ती सावरली. मग आई स्वतःच म्हणाली, "सरांना बोलवा."

सरांना घेऊन आम्ही मुंबईच्या लाँचसाठी मोरा बंदरावर पोहोचलो तेव्हा ओहोटी होती. पाणी चढल्याशिवाय लाँच धक्क्याला लागणार नव्हती. परशुराम हनुवटी धरून बसला. चिखल उघडा पडला होता, आणि पाणी जागचे हलत नव्हते. सर त्याच्याशेजारी डोळे मिटून बसले. मला वाटले, थकले असतील. नंतर कळले, ते त्याचा श्वास ऐकत होते.

निदान झाले ते दुसऱ्या दिवशी. गोळ्या सुरू झाल्या. पण त्याला सर्दी झाली, कफ छातीत उतरला, आणि डॉक्टरांनी जिथे पोचू द्यायचे नाही म्हटले होते तिथे आजार पोचला. याला क्रायसिस म्हणतात: श्वासाचे स्नायूच थकतात. त्याला व्हेंटिलेटरवर, म्हणजे श्वास देणाऱ्या यंत्रावर, ठेवले.

"तो शुद्धीवर आहे," डॉक्टर म्हणाले. "हलू शकत नाही, पण सगळं ऐकतो. जपून बोला."

आईला आत सोडले तेव्हा तिने सरांनाही हाताला धरून नेले. यंत्राचा आवाज एका लयीत चालला होता. परशुरामचे डोळे अर्धे मिटलेले. आईला यंत्रातले काही कळत नव्हते. ती सरांकडे वळली.

"सर, दम हाय ना त्याचा?"

सरांनी कान दिला. बराच वेळ दिला.

"आहे, मावशी. चालू आहे."

ज्यांच्या निर्णयाला ती हंगामभर शिव्या देत होती, त्यांच्या त्या एका निर्णयावर ती तिथे उभी राहू शकली.

परशुराम यंत्रावरून सुटला. पुढे थायमेक्टॉमी झाली, म्हणजे छातीतील एक ग्रंथी काढली. तो पुन्हा खेळला नाही. कंपनीने त्याला बसून करण्याचे काम दिले. डॉक्टर, परिचारिका आणि सर यांचे ऋण आम्ही मानतो. तरीही आजार गेला असे मी लिहू शकत नाही. रोज संध्याकाळी परशुराम मोरीत हातपाय धुताना मोठ्याने आकडे मोजतो आणि स्वयंपाकघरात आमचे हात थांबतात. कधी तो पन्नास ओलांडतो. कधी अलीकडेच गप्प होतो, आणि आई जेवणाआधी मऊ भात वेगळा काढते.

मला सापडलेले उत्तर असे: आम्ही त्याच्याकडे पाहत होतो, सर त्याला ऐकत होते, आणि संध्याकाळी थकणे आमच्या घरात कोणालाच आजार वाटत नव्हते.

परंतु मी शिक्षिका आहे, डॉक्टर नव्हे. म्हणून माझ्या शब्दावर विसंबू नका. आपल्या घरातील माणसाला दिवस मावळताना एकपासून पन्नासपर्यंत मोठ्याने मोजायला सांगा. त्याच्याकडे पाठ करून ऐका. सकाळी पुन्हा ऐका. फरक वाटला, तर डॉक्टरांकडून पडताळून घ्या.