तिच्याबद्दल दोन मिनिटं

माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी आज युरोपातल्या एका नव्या कंपनीत अंतराळयान बनवते आणि मी हिंजवडीत बसून गाड्यांचे ब्रेक किती तापतात ते बघते. हे मी लोकांना हसतहसत सांगते. ऐकणाऱ्याला वाटतं, बाईंना काय अभिमान आहे! अभिमान वगैरे काही नाही. जळते मी.

ती कंपनी तशी छोटीच. त्यांचं यान माणसं नेणार नाही, फक्त सामान नेणार. वर सामान पोचवायचं, वरचं सामान भरून परत यायचं, पॅराशूट उघडून समुद्रात उतरायचं आणि डागडुजी करून तेच यान पुन्हा पाठवायचं. याचं जगाला केवढं कौतुक! आमच्या धायरीच्या घरात श्रीखंडाचे डबे वर्षानुवर्षं वापरात आहेत, पण आमच्यात कुणी पैसे गुंतवले नाहीत. खरं सांगायचं तर या कंपनीची बातमी पहिल्यांदा वाचली त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं. खाली येताना यान भयंकर तापतं, आणि कुठली वस्तू कुठे किती तापेल हे संगणकावर आधीच मांडून बघणं हेच माझं तेवीस वर्षांचं काम. ब्रेक काय आणि यानाला तापण्यापासून वाचवणारी ढाल काय, उष्णता तीच.

मी अर्ज केला. घरी बोलले नाही, ऑफिसात तर नाहीच नाही. अर्जात एक रकाना होता: तुम्ही स्वतः शोधलेल्या एखाद्या चुकीबद्दल लिहा. मी लिहिलं, चांगलं पानभर लिहिलं. फक्त ती चूक मी शोधलेली नव्हती.

ती या मुलीनं शोधली होती. तेव्हा तिला आमच्याकडे लागून तीनच महिने झाले होते. ब्रेकच्या डिस्कवर आम्ही संगणकात बारीक चौकोनांची जाळी टाकतो, तिला मेश म्हणतात, आणि एकेका चौकोनाची उष्णता काढतो. पडद्यावर सगळं छान हिरवं-पिवळं दिसत होतं. मी अहवालावर सही करणार, तेवढ्यात ही मागून आली आणि डिस्कच्या कडेवर बोट ठेवून म्हणाली, "मॅम, इथे मेश फार मोठी घेतलीये. म्हणून हीट कमी दिसतेय का?"

"पडद्याला बोट लावू नकोस," मी म्हणाले. मग चौकोन बारीक करून पुन्हा सगळं चालवलं. कड लालभडक निघाली. तिला म्हटलं, "वाईट नाही." माझ्या तोंडून याहून मोठी शाबासकी ऑफिसात कुणी ऐकलेली नाही. अहवाल माझ्याच सहीनं गेला. आमच्याकडे वरिष्ठाचीच सही जाते.

माझ्या अर्जाला उत्तर आलं नाही. महिन्याभरानं एकदा डबा खाताना ही म्हणाली, "मॅम, एक विचारू? मी एका स्पेस कंपनीत अप्लाय केलंय. रेफरन्सला तुमचं नाव दिलं तर चालेल?" कंपनी कुठली ते तिनं सांगितलं आणि माझ्या तोंडातला घास तोंडात फिरायला लागला.

"चालेल की," मी म्हणाले.

तिकडून एका माणसाचा फोन आला. मुलगी कशी आहे, असं त्यानं विचारलं. "वाईट नाही. सांगितलं ते करते. वेळेवर येते." आणखी काही? डिस्कची ती लाल कड माझ्या डोळ्यांपुढे होती. "नाही, एवढंच." दोन मिनिटांत फोन संपला. नंतर मी मनाची समजूत घातली की आपण पडलो पुण्याचे, कुणाला उगीच चढवून बोलायची आपल्याला सवय नाही. सोयीचं असलं की मी फार पुणेरी होते.

तर तिला नोकरी लागली! वर तिनंच येऊन सांगितलं की बाकी सगळ्या उमेदवारांसाठी लोकांनी साखर पेरली होती, तुमचं बोलणं तेवढं त्यांना खरं वाटलं. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

ती गेल्यावर तिची आई विश्रांतवाडीहून दोन बस बदलून आमच्याकडे आली. स्टीलच्या डब्यात घरी केलेले पेढे. "मॅडम, तुमच्यामुळंच झालं बघा." पेढे घरच्यांनी संपवले, डबा ओट्यावर राहिला. डबा रिकामा परत द्यायचा नसतो, आणि त्यात काय घालावं ते मला सुचेना. "हा कुणाचा डबा?" असं नवऱ्यानं तीन महिने विचारलं.

मग त्याच माणसाचा पुन्हा फोन आला. नवी जागा निघाली होती, जुन्या अर्जांतून त्यांनी माझा बाहेर काढला होता. "तुमच्याकडून आलेल्या मुलीला तुमच्याबद्दल विचारलं," तो म्हणाला. "वीस मिनिटं बोलत होती. डिस्कच्या कडेची चूक तुम्ही कशी शोधलीत, तेही आम्ही तिला विचारलं. तुम्ही ती कशी पकडलीत ते तिनं सगळं सांगितलं."

म्हणजे मी काय लिहिलंय ते तिला कळलं होतं. तिच्या कामावर मी माझं नाव घातलं होतं, आणि ती त्याला हो म्हणाली होती. मला लाज वाटायला हवी होती. पण आधी आला तो राग. नोकरी हिची, हुशारी हिची, आता मोठं मनही हिचंच? माझ्यासाठी काही शिल्लक ठेवशील की नाही गं?

"ती चूक तिनं शोधली होती," मी म्हणाले. "माझी फक्त सही होती."

मग त्यानं नीट आभार मानले. त्यानंतर फोन आला नाही, आणि येणारही नाही.

त्या रविवारी मी नारळाच्या वड्या केल्या, डबा भरला आणि विश्रांतवाडीला गेले. तिच्या आईनं लगेच मोबाइल काढून लेकीनं पाठवलेला फोटो दाखवला. चाचणीसाठी केलेलं छोटं यान वरून येऊन समुद्रात उतरलं होतं, आणि बोटीवरच्या क्रेनला निथळत लटकत होतं.

"आम्हाला यातलं काय कळतंय, मॅडम? तुम्ही सांगा, बरं झालंय ना?"

मी मोबाइल हातात घेतला, फोटो मोठा केला आणि सरळ ढालीच्या कडेवर गेले. खोटं कशाला बोलू, तिथे एखादा तडा सापडावा म्हणूनच बघत होते. कड सगळीकडून सारखी भाजली होती. तडा नव्हता.

"उत्तम झालंय," मी म्हणाले. हा शब्द मी ऑफिसात कधी वापरलेला नाही. "मी म्हणाले म्हणून कळवा तिला. आणि कड कशी बघायची ते तिनं मला शिकवलं, हेही कळवा."

बाईंचे डोळे भरून आले. त्या चहा टाकायला आत गेल्या. मोबाइल माझ्याच हातात राहिला होता. मी कड पुन्हा एकदा मोठी करून बघितली.